लाडू बसून का झोपतो

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पग, लाडू, सोफ्याच्या हातावर हनुवटी टेकवून बसल्या बसल्या झोपलाय. डोळे मिटलेले, पुढचे दोन पाय ताठ, मधेच पेंग येऊन डोकं खाली घसरतं आणि तो दचकून परत हनुवटी वर टेकवतो, आणि हे चालू असताना त्याचं ते घोरणं, इतक्याशा छातीतून एवढा आवाज येतो कसा असं वाटावं असं. मागे घरातल्यांचं दबक्या आवाजात हसणं. खाली हसण्याच्या इमोज्यांची रांग. कोणीतरी लिहिलं, 'दुपारी जेवणानंतर मीटिंगमध्ये मी', त्यावर अजून हसणं. मीही हसले, परत एकदा बघितला आणि बहिणीला पाठवला.

मग एका संध्याकाळी काकू लिफ्टमध्ये भेटल्या, लाडू कडेवर. म्हणाल्या, "अगं तो व्हिडिओ बघितलास ना, मी डॉक्टरांना पण दाखवला, म्हटलं तेही हसतील." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी म्हणे आवाज मोठा करून व्हिडिओ परत लावला आणि विचारलं, हा आडवा होऊन झोपतो का कधी? काकूंना आठवेना. डॉक्टर म्हणाले, आडवा झाला की घशाच्या मागचा मऊ भाग श्वासाच्या वाटेवर येतो, गाढ झोप लागली की स्नायू सैल पडतात आणि वाट आणखी बंद होते, म्हणून तो मान वर करून, बसून झोपतो. आणि तोंडात खेळणं धरून झोपायची त्याची सवय, जिचे काकूंनी इतके फोटो काढलेत, तीही बहुतेक तोंड उघडं राहावं म्हणूनच. नाकपुड्या बघा म्हणाले, भोकं कुठायत, नुसत्या चिरा आहेत. काकू हे सांगताना त्याच्या कपाळावरच्या घडीवरून अंगठा फिरवत होत्या आणि लाडू माझ्याकडे ते मोठ्ठे ओले डोळे करून बघत होता, नेहमीसारखा, घर्र घर्र करत. "आपण रोज म्हणायचो, किती मजेशीर झोपतं हे बाळ," काकू म्हणाल्या आणि त्यांचा मजला आला.

मला तो व्हिडिओ फोनमधून काढून टाकावासा वाटत होता आणि टाकवतही नव्हता, कारण लाडू त्यात खरंच फार गोड दिसतो.

पुण्यात पग कधी आले हे आपल्या वयाच्या कोणाला सांगायला नको, ती हच मोबाइल कंपनीची जाहिरात आली आणि तो छोट्या मुलाच्या मागे मागे चालणारा कुत्रा सगळ्यांना हवा झाला. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याआधी पेठेतल्या घरांमध्ये कुत्रा म्हणजे गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून पोस्टमनवर भुंकणारा पांढरा पॉमेरियन, जो बहुतेक वेळा पॉमेरियन नसायचाच, इंडियन स्पिट्झ असायचा, आणि डेक्कन-एरंडवण्यातल्या बंगल्यांत अल्सेशियन, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा'ची पाटी. मग पग आले, नंतर प्रत्येक सोसायटीत लॅब्रेडॉर, मग शिह त्झू, मग हस्की, बाणेर-बालेवाडीच्या उंच इमारतींमध्ये मे महिन्यात एसी लावून ठेवलेले हस्की, आणि आता फ्रेंच बुलडॉग, ज्याला सगळे फ्रेंची म्हणतात. कुत्र्यांचीही फॅशन येते आणि जाते. फरक एवढाच की कपड्याची फॅशन गेली की कपडा कपाटात पडून राहतो आणि कुत्रा बारा-तेरा वर्षं श्वास घेत जगायचा असतो.

त्या लिफ्टमधल्या बोलण्यानंतर मी वाचायला लागले. कुत्रा घाम गाळून अंग गार करत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि नाकातल्या ओल्या पडद्यांवरून हवा खेळवतो, तेवढीच त्याची सोय. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून चेहऱ्याचं हाड आखूड केलं, पण हाड आखूड झालं म्हणून आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. टाळूचा मऊ भाग, नाकातले पडदे, जीभ, सगळं मोठ्या कुत्र्याच्या हिशोबाचंच राहिलं, आठवड्याचे कपडे शाळेच्या दप्तरात कोंबावेत तसं ते त्या इवल्या कवटीत कोंबलेलं आहे. दातही बेचाळीसच, पण जबडा अर्धा, म्हणून ते वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले. डोळ्यांच्या खोबण्या उथळ, म्हणून डोळे एवढे मोठे आणि पुढे आलेले दिसतात आणि म्हणूनच जरा धक्का लागला की जखम होते, कधी कधी डोळा बाहेरच येतो. आणि ती घट्ट वळलेली शेपटी, जी मला सगळ्यात जास्त आवडायची, तिच्या वळणाचा संबंध मणक्यातल्या वेड्यावाकड्या घडलेल्या हाडांशी जोडला जातो. म्हणजे लाडूच्या अंगातली जी जी गोष्ट बघून आपण 'अले अले' करतो त्यातली जवळजवळ प्रत्येक त्याला कुठे ना कुठे नडते.

पग कायम असाच होता असं मला वाटायचं. तसं नाहीये. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराचं १७४५ सालचं एक चित्र आहे, स्वतःचंच, आणि शेजारी त्याचा पग बसलाय, ट्रम्प नावाचा. मी ते चित्र स्क्रीनवर मोठं करून किती वेळ बघत बसले. पग आहे हे कळतं, रंग तोच, पण त्याला नाक आहे! चांगलं बोटभर पुढे आलेलं तोंड, पाय लांब, नजर शांत. म्हणजे हे जे झालं ते निसर्गात हळूहळू हजारो वर्षांत झालेलं नाही, ते गेल्या दीडदोनशे वर्षांत झालं, आणि त्यातलं बरंचसं शर्यतीपायी, कुत्र्यांच्या शर्यतीपायी नाही, माणसांच्या. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ मध्ये पहिला संघटित डॉग शो झाला असं मानतात, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या ब्रीडच्या नोंदी ठेवणारी संस्था, निघाला, आणि मग प्रत्येक ब्रीड कसं दिसावं ते कागदावर आलं. कागदावर 'तोंड आखूड असावं' असं आलं की कुठवर आखूड याला थांबा राहत नाही, शेजारच्याच्या कुत्र्याचं जेवढं आखूड त्याहून माझ्याच्याचं थोडं जास्त, त्याला बक्षीस, मग त्याचीच पिल्लं सगळ्यांना हवीत, त्याच्याच नातवंडांची एकमेकांशी मेटिंग. नोंदवही बंद, बाहेरचं रक्त आलं तर पिल्लू 'प्युअर' नाही.

बुलडॉगचंही तेच. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडायचा क्रूर खेळ ब्रिटनमध्ये १८३५ मध्ये बंद झाला, कुत्र्याचं ते काम संपलं, आणि काम संपल्यावर त्याला फक्त दिसण्यासाठी वाढवायला लागले. काम असतं तेव्हा धाव न निघणारा, दम न टिकणारा कुत्रा आपोआप मागे पडतो. दिसणं एवढंच उरलं की त्याला अडवणारं कोणी नाही. आता ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग दोन्हींच्या ८० टक्क्यांहून जास्त वेतांना सिझेरियन करावं लागलेलं दिसलं, कारण पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद. आईला आपल्या आपण व्यायताही येऊ नये, हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि उठून चहा टाकला.

पण मग मला मामाचा गोठा आठवला, आणि तिथे माझा राग तितका सरळ राहत नाही.

माझं आजोळ यवतच्या जवळ. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि त्या सगळ्या पट्ट्यात गावठी गाईला परदेशी वळूचं रेत भरून संकरित कालवडी करायचं काम घरोघर पोचलं. लहानपणी सुट्टीत मी बघितलंय, मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं अडकवून माणूस यायचा, झाकण काढलं की पांढरी थंड वाफ जमिनीवर पसरायची आणि आम्ही पोरं त्यात हात घालायला धावायचो आणि आजी ओरडायची. मामाकडे आधी खिल्लार होती, उंच, शिंगं मागे गेलेली, अंगाला हात लावू द्यायची नाही, दूध वासरापुरतं आणि चहापुरतं. मग आली एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियनची संकरित गाय, काळीपांढरी, गरीब स्वभावाची, तिला आम्ही गौरी म्हणायचो. गौरी सकाळ-संध्याकाळ बादली भरून दूध द्यायची. मामाच्या घरावर स्लॅब घातला गेला तो गौरीच्या आणि तिच्या कालवडींच्या दुधावर, मामेबहीण बारामतीला शिकली ती त्याच पैशावर. हे मी कधीच विसरू शकत नाही आणि कोणी शहरात बसून संकरित गाईला नावं ठेवली की मला आवडत नाही.

पण गौरीचा मे महिनाही मला आठवतो. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलेलं, खांबांना ओली गोणपाटं बांधलेली, आणि ती तोंड उघडं टाकून धापा टाकत उभी, तोंडातून लाळेची तार लोंबतेय, कास एवढी मोठी की मागचे पाय फाकवून चालायची. थंड देशातल्या गाईचं अर्धं रक्त, अंग काळं, आणि यवतचं ऊन. तिला ताप यायचा, कासेला सूज यायची, मामा रात्री बॅटरी घेऊन उठायचा. शेजारीच खिल्लार सावलीत निवांत रवंथ करत असायची. मामा म्हणायचा, "ही जगते आपल्या जिवावर, आणि आपण हिच्या जिवावर." मामाने तिच्याकडून दूध घेतलं आणि तिच्यासाठी झोपही मोडली. मला आता वाटतं माझ्या मनात जो काही हिशोब चाललाय तो त्या गोठ्यापाशीच येऊन थांबतो. आपण प्राण्यातली एक गोष्ट निवडतो, दूध, चेहरा, धाव, काहीही, पण ती एकटी कधीच येत नाही, तिच्यासोबत बाकीचं शरीर ओढलं जातं, आणि त्याची किंमत पहिल्यांदा प्राण्याच्या अंगावर फुटते. प्रश्न एवढाच राहतो की निवडणारा ती बघायला तयार आहे की नाही.

त्याच घरी मोत्या होता. मोत्या कोणी आणला नव्हता, तो आलेला होता. आजी भाकरी भाजताना शेवटची लहान भाकरी त्याची, ती गार करून, दुधाच्या पातेल्यातली खरवड पुसून त्याला टाकायची आणि तो ती हवेतच झेलायचा. मांस त्याला सणासुदीला. मला तेव्हा कधी प्रश्न पडला नाही की लांडग्याचा वंशज बाजरीच्या भाकरीवर एवढा तुकतुकीत कसा राहतो. त्याचं उत्तर मला परवा मिळालं आणि मी अक्षरशः आनंदले. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करायला लागला, धान्य खायला लागला, त्याच्या उकिरड्यावर जे कुत्रे ते उष्टं पचवू शकले ते टिकले. हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो, जे शेतकऱ्याच्या दारात वाढले नाहीत, त्यांच्यात त्या प्रती कमी सापडतात. आजीच्या भाकरीसाठी मोत्याच्या पोटाने हजारो वर्षं तयारी केली होती. ही निवडही माणसामुळेच झाली, पण कोणी ठरवून केली नाही, आणि तिच्यात मोत्याचाही फायदा होता.

डोळ्यांचंही तसंच काहीतरी. कुत्रा भुवया आतल्या बाजूने उचलून बघतो ना, ते बिस्किट मागतानाचं बघणं, त्यासाठी एक वेगळा स्नायू त्याच्या डोळ्यावर असतो. २०१९ मध्ये काही संशोधकांनी कुत्रे आणि लांडगे दोघांच्या चेहऱ्याचे स्नायू तपासले, कुत्र्यांत तो स्पष्ट, लांडग्यांत नुसते तुरळक तंतू. म्हणजे ज्या कुत्र्याकडे बघून आपल्या पूर्वजांचं काळीज हललं त्याला तुकडा मिळाला आणि त्याची पिल्लं जगली. लिफ्टमध्ये लाडूने माझ्याकडे तसंच बघितलं होतं. आपण त्याला घडवलं हे खरं, पण आपणही त्या नजरेला बळी पडून पडूनच घडवलंय.

रशियात नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, त्यांच्यामागे ल्युदमिला त्रुत यांनी तो आयुष्यभर चालवला. फर फार्मवरचे कोल्हे, त्यातले जे माणसाला कमी घाबरतात, कमी चावतात, तेवढेच पुढच्या पिढीसाठी ठेवायचे, बाकी काही बघायचं नाही. थोड्याच पिढ्यांत कोल्हे शेपट्या हलवायला लागले, हात चाटायला लागले, आणि मग काहींचे कान पडले, अंगावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वळल्या. नंतर २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं की ते कोल्हे मुळात कॅनडातल्या फर फार्ममधून आलेल्यांचे वंशज होते, यातली काही लक्षणं तिथेच आधीपासून होती, त्यामुळे सगळं श्रेय त्या एका निवडीला देऊ नये. ते योग्यच आहे. पण माणसाळणं निवडून ते मिळतं, आणि इतक्या लवकर मिळतं, याला कोणी धक्का लावलेला नाही, आणि मला ते विलक्षण वाटतं आणि थोडी भीतीही वाटते, आपल्या हातात एवढी ताकद आहे याची.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला गेलात तर लॅब्रेडॉर भेटतातच. माझ्या मैत्रिणीची लॅब, गोड, सगळ्यांची मैत्रीण, आणि वजन इतकं की चढावर दोनदा बसते. मैत्रिणीला येणारा जाणारा ऐकवतो, किती खायला घालतेस. ती बिचारी कपाने मोजून घालते, आणि कुत्री कचऱ्याचा डबा उलटा करते, कांद्याची सालंसुद्धा सोडत नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला शोधला, जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो. तो असला की पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. आणि मदतनीस म्हणून तयार केलेल्या लॅबमध्ये, अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या वगैरे, तो बदल कितीतरी जास्त सापडला. कारण उघड आहे, खाऊसाठी काहीही करणारा कुत्रा पटकन शिकतो. आपण हुशार आणि आज्ञाधारक कुत्रा निवडत गेलो आणि त्यासोबत, आपल्या नकळत, कायमची भूक निवडली. मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली, मग खाली बसून तिने कुत्रीचे कान कुरवाळले आणि म्हणाली, "म्हणजे हिला खरंच भूक लागलेली असते गं."

दिवाळीच्या आसपास मुळशीच्या रस्त्याला धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, दिसतात, कोकणाकडे निघालेले. या वर्षी एका शेतात मेंढरं बसवली होती, कोकरांना जाळीची वाघर लावलेली, घोड्यावर बांधलेल्या सामानात कोंबड्या, आणि वाड्याच्या कडेने चार-पाच कुत्री पडलेली, डोळे मिटून पण कान उभे. मी गाडी थांबवली. एक म्हातारे बाबा होते, त्यांना विचारलं, पिल्लं कशी निवडता? आधी त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, "कोकराच्या अंगावर गेलं त्ये पिल्लू ठिवत न्हाई, ताई. आन लांडगा आल्यावर मानसाच्या मागं लपतंय, त्येबी न्हाई." आणि दिसायला कसं हवं? "दिसायला कसं बी चालतंय." त्या कुत्र्यांचे रंग सगळे वेगळे, कान काहींचे उभे काहींचे पडलेले, पण छाती सगळ्यांची खोल आणि पाय सगळ्यांचे सरळ. मी विचारलं, जी ठेवत नाही त्यांचं काय करता? बाबा म्हणाले, गावात सोडतो, आणि नजर मेंढरांकडे वळवली. त्यातली किती जगत असतील हे मी विचारलं नाही. कामावरून निवडणंही कनवाळू नसतं, हे मला तिथे कळलं आणि ते मी लपवणार नाही. पण निदान जे कुत्रं उरतं त्याला धड श्वास घेता येतो.

मुधोळचा कुत्राही असाच कामातून घडलेला, कारवानी म्हणतात आपल्याकडे. दख्खनच्या माळावर सशामागे पळण्यासाठी सगळं शरीर ओढून ताणून लांब केलेलं, पातळ कंबर, लांब नाक, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने त्याला नाव दिलं, २००५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावर आला. तो पळताना बघितला तर माणूस श्वास रोखून बघतो. आता देशी ब्रीडचा अभिमान म्हणून लोक तो टू बीएचकेमध्ये आणतात आणि तो दाराला नखं मारत बसतो. देशी असो, परदेशी असो, ज्या कामासाठी ते शरीर बनलं ते काढून घेतलं की जनावर कोमेजतं.

निवडणं मुळातच वाईट असं मात्र मला म्हणवत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधल्या सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, त्या वाणाला सुवर्णा म्हणतात. गरोळ अगदी लहानखुरी मेंढी, ती जशीच्या तशी इकडे आणून उपयोग नव्हता, माळावर चालणारं दख्खनी अंगच ठेवायचं होतं आणि त्यात तेवढं एक जनुक. जुळी झाली तर दूध पुरतं का, कोकरं जगतात का, धनगराला परवडतं का, हे त्यांच्याच कळपांत जाऊन वर्षानुवर्षं बघितलं. मला ही निवड आवडते, कारण तिच्यात मेंढीला विचारल्यासारखं काहीतरी आहे. तसंच डाल्मेशियनचं. प्रत्येक प्युअर डाल्मेशियनला जनुकातूनच मुतखड्याचा धोका असतो. रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकदाच पॉइंटर कुत्र्याशी संकर केला, पुढे सगळ्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच, ठिपके तेच, दिसणं तेच, आणि खड्यांचा तो दोष गेलेला. तरी अमेरिकन केनेल क्लबने त्यांना नोंदवहीत घ्यायला २०११ उजाडलं, कारण रक्त शुद्ध नाही! जनावर बरं झालं तरी चालेना, शुद्धता हवी. या शुद्धतेच्या वेडाची मला खरोखर चीड येते, आणि ती फक्त कुत्र्यांपुरती येत नाही.

हे सगळं डोक्यात असताना माझी भाची, अकरावीत आहे, ती म्हणाली, मावशी मला फ्रेंची घ्यायचाय, आई तयार झाली. तिच्याकडे फोनमध्ये पन्नास फोटो. मी तिला लाडूचा व्हिडिओ दाखवला, आणि तो तसा का झोपतो ते सांगितलं. ती रडवेली झाली आणि मग चिडली, म्हणाली, "पण मला तोच आवडतो, आणि तो शांत असतो, तू घरी गावठी आण म्हणशील आणि तो चावला तर?" मी तिला २०२२ चा अभ्यास सांगितला, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक ब्रीडवरून जेमतेम नऊ टक्के सांगता आला. तिने ते ऐकून घेतलं, पटलं नाही. तिच्या आवडण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाडू जिन्यात दिसला की मीच आधी खाली वाकते.

मग आम्ही तह केला. घे, पण आधी विचारून घे. आई प्रत्यक्ष बघायची, तिचा श्वास ऐकायचा, ती जिना चढून आल्यावर ऐकायचा. तिची किती वेतं झाली विचारायचं, आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी एका कुत्रीची पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. ब्रीडरची नोंदणी आहे का. सिझेरियन झालं का. नाकपुड्या उघड्या आहेत का. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं ब्रीडिंगच त्यांच्या प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही असं म्हटलं, बुलडॉगला मात्र परवानगी राहिली, हेही तिने स्वतः शोधून काढलं आणि मला पाठवलं, खाली लिहिलं, 'बघ बुलडॉग चालतो'. मी तिला म्हटलं निकाल वाच, नुसती हेडलाइन नको, आणि ती खरंच वाचत बसली.

रविवारी तिने माझ्यासमोर स्पीकरवर एका ब्रीडरला फोन लावला. तो आधी भरभरून बोलला, केसीआयचे म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर, रंग, ॲडव्हान्स किती. तिने विचारलं, आई बघायला मिळेल का, तो म्हणाला आई गावाला आहे, व्हिडिओ पाठवतो. तिने विचारलं तिचं हे कितवं वेत आणि त्याने फोन ठेवला. भाचीने वहीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि यादीतला पुढचा नंबर लावला.